दांडूपेटीला अर्थ देताना

टप्. टप्, टप्, टपटपटप…

दुपारच्या शांततेत हा आवाज आला की मी समजते, आबांच्या हातातला पिवळा चेंडू पडला. तो घरंगळत सोफ्याखाली जातो, मागच्या भिंतीला टेकतो आणि घर पुन्हा गप्प होतं. मग आबांचा आवाज येतो, "पडला नाही, टाकला मी."

आबा म्हणजे माझे सासरे, नागोराव. पावसाळा सरता सरता त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हलका, असं डॉक्टर म्हणाले. झटका ज्याला येतो त्याला तो हलका वाटत असेल का, हे डॉक्टरांना कोण विचारणार? पाय सुधारले, बोलणं सुधारलं (पूर्वीपेक्षा जरा जास्तच सुधारलं), पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, रुसून बसली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्पंजाचा चेंडू दिला. दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. आता आबांचं उभं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलेलं. केसाएवढा फरक बोटाने सांगणारा माणूस. त्याच्या हातात लहान मुलाचा चेंडू दिल्यावर तो काय म्हणणार?

"याला काही अर्थ नाही, सूनबाई."

आजारपणानंतर हे त्यांचं पालुपदच झालं होतं. चेंडूला अर्थ नाही, नाचणीच्या पेजेला अर्थ नाही, विश्रांतवाडीच्या सिग्नलला तर कधीच नव्हता. घरातली एकच वस्तू या शेऱ्यातून सुटली होती, ती म्हणजे दांडूपेटी.

दांडूपेटी हे आमचं घरगुती नाव. चेतन, म्हणजे माझे यजमान, कॉलेजात असताना येरवड्याच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडीक असायचे. तिथल्या मोठ्या मशिनांना असतो तसा दांडू, म्हणजे जॉयस्टिक, आणि बटणं घरच्या टीव्हीच्या गेमलाही हवीत, म्हणून त्यांनी आबांच्या मागे लागून एक पेटी करून घेतली. कपाटाच्या उरलेल्या दाराचं प्लायवुड. वर डावीकडे दांडू, उजवीकडे दोन ओळींत आठ बटणं. अंगठा सोडून प्रत्येक बोटाच्या वाटेला दोन. संसार वाढला तशी ती माळ्यावर गेली. आबांच्या आजारपणात आमच्या पायलने, वय वर्षं पाच, ती हट्टाने खाली काढायला लावली, आणि रोज संध्याकाळी आजोबा-नातीची मारामारी सुरू झाली. टीव्हीत, अर्थात. आबांचा दाढीवाला पहिलवान, पायलची दोन वेण्यांची कराटेवाली. पायल जिंकायची, आबा बोटं आपटायचे, आणि पुढच्या भेटीत ताई म्हणाल्या, "हात बराच मोकळा झालाय की! चेंडूचा गुण बघा." आम्ही सगळ्यांनी चेंडूला मान डोलावून दाद दिली. तो तेव्हा सोफ्याखाली होता.

आणि मग चेतनचा जुना कन्सोल, म्हणजे ज्यावर हा गेम चालायचा तो डबा, करपलेल्या डाळीसारखा वास सोडून गेला. घरात नवा कन्सोल होता, हाच गेम त्यावरही चालायचा, पण तो दांडूपेटीला ओळख दाखवेना. परदेशी गेलेला पुतण्या कसा गावाकडच्या काकाला "आपण कोण?" म्हणतो, तसंच. आबांनी दोन दिवस पेटीवरून हात फिरवला आणि मग सोफ्यापाशी चेंडू पडायचे आवाज पुन्हा यायला लागले. पडून राहिलेला हात परत आखडतो, हे ताईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"सोपं आहे," चेतन म्हणाले. "मल्टीकन्सोल बोर्ड मिळतो. पेटीतला जुना बोर्ड काढायचा, हा बसवायचा. मग ती जुन्या, नव्या, कुठल्याही कन्सोलशी बोलते. मागवतो. वीकेंडला बसवू."

आयटीतल्या माणसाचा वीकेंड ही एक फार आशादायक कल्पना आहे. तो येणार येणार म्हणून सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसतात आणि तो येतो तेव्हा लॅपटॉप घेऊन येतो. बोर्ड मात्र आला. तळहाताएवढी हिरवी पाटी, कडेने इवले इवले स्क्रू. सगळ्यांशी जुळवून घेणारी, प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलणारी, कुणाचाच अपमान न करणारी वस्तू या घरात माझ्याखेरीज दुसरीही असू शकते हे पाहून मला फार बरं वाटलं. हा मीच बसवणार, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

माझ्याकडे वेळ म्हणजे पायल शाळेतून येऊन जेवून झोपते तेवढा. म्हणजे दुपारचा. हीच वेळ नेमकी आमच्या सोसायटीच्या नियमावलीने पवित्र ठरवलेली आहे, याचा मला विसर पडला होता.

पेटी उघडली तर आत तारांची पालेभाजी. इंटरनेटवर एक दाढीवाला मुलगा हसत हसत सगळं करून दाखवत होता. त्याच्या पेटीतल्या तारा वेगवेगळ्या रंगांच्या होत्या. आमच्या सगळ्या तारा एकाच रंगाच्या, कारण आबांनी त्या कारखान्यातल्या जुन्या रिळावरून आणल्या होत्या. कुठली कुठल्या बटणाची, कळेना. समोरच्या फ्लॅटमधल्या हमीदाभाभी ब्लाउज शिवतात. त्या चिंध्यांची पिशवीच घेऊन आल्या. "अगं, एकेका तारेला एकेक चिंधी बांध. ही पहिल्या बोटाची, मोरपंखी. ही दुसऱ्याची, राणी कलर. ही जरीची मात्र सांभाळून, हे गिऱ्हाईक कापड मोजून घेतं."

पेटी अशी नटली की तिला बोहल्यावर उभी करावी. मी तारा जोडल्या, टीव्ही लावला, दांडू पुढे ढकलला आणि पहिलवान पाठ फिरवून पळत सुटला. पुन्हा ढकलला, पुन्हा पळाला.

"हा पळपुटा कुठून आणला?" आबा कॉटवरून म्हणाले.

पेटी पालथी घालून जोडल्यामुळे माझं डावं-उजवं बदललं होतं. हमीदाभाभींनी मला मनापासून धीर दिला. "जाऊ दे, मी गेल्या महिन्यात उजव्या खांद्याला डावी बाही लावली. बाई ती घालून लग्नाला जाऊन आली, आणि वर म्हणाली, फॅशन छान आहे."

हे निस्तरलं, तर नव्या बोर्डाची केबल बाहेर काढायला पेटीला जागाच नव्हती. एक भोक पाडायला हवं होतं. मी चेतनचं ड्रिल मशीन काढलं, प्लायवुडला टेकवलं, एकदाच 'घर्रर्र' केलं आणि दाराची बेल वाजली. दारात मथुराबाई. सोसायटीच्या सेक्रेटरी आणि निवृत्त मुख्याध्यापिका. यातलं निवृत्त हे फक्त कागदोपत्री.

"दुपारी एक ते चार ड्रिल करायला बंदी आहे. पाटी जिन्यात लावलेली आहे. वाचता येत असेलच."

"सॉरी मावशी, एकच भोक—"

"एकापासूनच सुरुवात होते. कुठल्या भिंतीला?"

"भिंतीला नाही हो, खोक्याला."

त्यांनी आत डोकावून खोका पाहिला. "नियमात खोका नाही. नियमात 'अंतर्गत फेरबदल' आहे. अर्ज करा. वरच्या, खालच्या आणि समोरच्या बिऱ्हाडाचं ना-हरकत आणा."

मी एम.ए. झालेली बाई. लग्नाआधी दोन वर्षं ज्युनियर कॉलेजवर शिकवलेलं. तरीही मी खरोखर बसून 'विषय: दांडूपेटीस एक भोक पाडण्यास परवानगी मिळणेबाबत' असा अर्ज लिहिला. हमीदाभाभींनी डोळे मिटून सही केली. खालचे म्हणाले, आमच्या छतातून पाणी नाही ना येणार? वरच्यांनी विचारलं, आम्हालाही एक पाडून मिळेल का? मथुराबाईंनी अर्ज वाचला, 'परवानगी' मधला एक ऱ्हस्व-दीर्घ तपासला, आणि सांगितलं, "मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग पुढच्या महिन्यात.

मी तोंड पाडून बसले तेव्हा आबा उठले. कॉटखालची पत्र्याची ट्रंक त्यांनी पायाने ओढली आणि तिच्यातून गिरमिट काढलं. गिरमिट म्हणजे हाताने पिळत भोक पाडायचं सुतारी हत्यार. नुसत्या मनगटाचं काम, आवाज अजिबात नाही. "नियमात ड्रिल आहे ना? हे ड्रिल नाही." मग माझ्याकडे देत म्हणाले, "पिळ तू. पेटी मी धरतो."

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. उजवा हात थरथरत होता, रुसलेली दोन बोटं बाजूला उभी होती. मी पिळत होते आणि प्लायवुडचा मऊ भुसा त्यांच्या मनगटावर पडत होता. "हळू. लाकडाला घाई आवडत नाही." कितीतरी दिवसांनी ते कुणालातरी काम शिकवत होते. मी मुद्दाम हळू पिळलं, हे त्यांना कळलं असणार.

आता खरं तर संपायला हवं होतं. पण बोर्डावर एका कोपऱ्यात 'जी एन डी' अशी अक्षरं होती, आणि नेमके तेव्हाच ज्ञानदेवकाका आले. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. बिल्डिंगमध्ये कुठेही फ्यूज उडाला तरी आधी त्यांना बोलावतात. ते बिल विभागात होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण वीज खातं ते वीज खातं.

"जी एन डी म्हणजे ग्राउंड," मी माहिती पुरवली. "प्रत्येक बटणाला एक तार स्वतःची आणि एक सामायिक. ही सामायिक तार माळेसारखी सगळ्या बटणांतून फिरते आणि इथे येते."

"ग्राउंड म्हणजे अर्थिंग," काका गंभीर झाले. "अर्थ दिलाय का?"

"काका, यात करंट नसल्यासारखाच असतो."

"नसतो म्हणणारे आता फोटोत असतात. अर्थ म्हणजे जमीन, सूनबाई. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर. तुमची जमीन कुठाय?"

हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय माणसाला इतक्या उघडपणे विचारू नये. काकांनी गॅलरीत नजर टाकली. तिथे आबांची कोरफडीची कुंडी होती. "माती ती मातीच," काका म्हणाले. "एक हिरवी तार द्या. थोडं मीठ आणि कोळसा. अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात, ओल राहते."

मी नको म्हणायला हवं होतं. पण काका रोज संध्याकाळी आबांपाशी येऊन बसतात. आजारपणात सगळे विचारपूस करून गेले, हे एकटे विचारपूस न करता बसून राहिले. अशा माणसाला एका तारेसाठी नाही कसं म्हणायचं? माळेतल्या तिसऱ्या बोटाच्या बटणाजवळ मी हिरवी तार अडकवली, भोकातून बाहेर काढली आणि गॅलरीत कोरफडीच्या मुळाशी खोचली. कोळसा नव्हता. मीठ चवीपुरतं टाकलं.

पायल जागी होऊन डोळे चोळत हे पाहत होती. "काय करताय?"

"याला अर्थ देतोय," काका म्हणाले.

पायल धावत आत गेली. "आबा, आबा! तुम्ही म्हणता ना याला अर्थ नाही, त्याला अर्थ नाही? काकांकडे अर्थाची तार आहे!"

रविवारी संध्याकाळी उद्घाटन ठरलं. दुपारी मी आठही बटणं एकेक करून दाबून पाहिली, सगळी चालली. झाकणाचे स्क्रू आवळले. एक कमी पडला, तो पुढे पोह्यांत सापडला. चेतननी लॅपटॉप खरंच मिटला. हमीदाभाभी शिरखुर्म्याची वाटी घेऊन आल्या, ईद नसताना. ज्ञानदेवकाकांनी आल्या आल्या कुंडीपाशी जाऊन हिरवी तार हिसडून पाहिली. "अर्थ कसा ताणलेला हवा." पेटीत कुठेतरी बारीकसं 'टिक्' वाजलं. मला ते ऐकू आलं होतं. पण दारात मथुराबाई उभ्या होत्या. "परवानगीशिवाय भोक पडल्याचं कळलं," त्या म्हणाल्या. "पाहणी करायला आले आहे." आणि खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसल्या.

आबांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेटी मांडीवर घेतली, डाव्या हातात दांडू. पडद्यावर पहिलवान उभा राहिला. पुढे म्हटलं की पुढे गेला. आबांनी पहिल्या बोटाने गुद्दा मारला, दुसऱ्याने लाथ. पायल किंचाळली, काकांनी मांडीवर थाप मारली, आणि मी चेतनकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचे सगळे वीकेंड मनातल्या मनात मला बहाल केले.

"आबा, ढाल! आता ढाल दाबा!" पायल ओरडली.

ढाल तिसऱ्या बोटाच्या बटणावर होती. आबांनी अनामिका उचलली, टेकवली, दाबली. ढाल आली नाही. कराटेवालीने पहिलवानाला एक लगावली. आबांनी पुन्हा दाबलं. कपाळावर शिरा उठली. पुन्हा. पहिलवान आडवा.

 

आबांनी उजवा हात पेटीवरून काढून शर्टाच्या टोकाखाली ठेवला. "पेटी छान झालीये, सूनबाई. तू मन लावून केलंस. बोटांनाच आता काही अर्थ नाही." आणि पेटी सोफ्यावर ठेवून ते गॅलरीत कोरफडीपाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

इतके दिवस चेंडू पडला तर 'टाकला' म्हणायची त्यांची सोय होती. मी चिंध्या बांधून, अर्ज करून, सगळी बिल्डिंग गोळा करून ती सोय काढून घेतली, असं मला वाटलं. चेतन उठायला लागले, मी त्यांना हातानेच बसवलं.

पायल मात्र आबांच्या रिकाम्या जागेवर चढली. पहिलवान घेऊन तिने गुद्दे मारले, लाथा मारल्या, मग आपलं गुबगुबीत बोट तिसऱ्या बटणावर दाबलं. दोन बोटं दाबली. अख्खी मूठ आपटली.

"आई, ढाल माझी पण येत नाहीये."

मी पेटी उलटी केली. स्क्रू उघडताना घाईत स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. झाकण उचललं. हिरव्या तारेला हिसका बसून सामायिक तारेच्या माळेची एक पितळी टोपी, म्हणजे तारेचं बटणावर बसणारं टोक, निघाली होती आणि राणी कलरच्या चिंधीशेजारी लोंबत होती. तिच्यापासून पुढची चारही बटणं मेलेली. तिसऱ्या बोटाची दोन, करंगळीची दोन.

"आबा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की एक ते चारची वेळ असती तर माझं सदस्यत्व गेलं असतं. "आबा, इकडे या. बघा."

ते आले. चष्मा वर करून आत वाकले. त्या सुटलेल्या टोपीला त्यांनी बोट लावलं आणि ती उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे मी दाबलं होतं," ते म्हणाले.

"दाबलं होतं, आबा."

"बोटाने सांगितलं. तारेनेच पोचवलं नाही."

"नाहीच पोचवलं."

"मी पहिल्यापासून सांगतोय," ज्ञानदेवकाका मागून म्हणाले, "अर्थ फार महत्त्वाचा."

हिरवी तार काकांच्या देखतच कापली. टोपी परत बसवताना आबांनी टॉर्च धरला, उजव्या हातात. पहिलवान उभा राहिला, कराटेवाली धावून आली, आबांची अनामिका उचलली गेली, हळूहळू, आळसावलेल्या मांजरासारखी, आणि टेकली. पडद्यावर निळी ढाल झळकली. हमीदाभाभींनी डोळ्यांना पदर लावला. चेतन खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते. मथुराबाई म्हणाल्या, "आवाज जरा कमी करा," आणि लगेच, "पुन्हा दाबा बघू नागोराव, मला नीट दिसलं नाही."

हे मी पायल झोपलेली असताना लिहितेय. सोफ्याखाली चेंडू गेले काही दिवस निवांत पडून आहे, आणि माझा अर्ज मीटिंगच्या विषयपत्रिकेवर अजूनही सातव्या क्रमांकावर आहे. कोरफड मिठासकट जगली. त्या संध्याकाळी मला एकेकाचे पाय धरावेसे वाटत होते. चिंध्यांचे, गिरमिटाचे, न आलेल्या परवानगीचे, आणि हो, ज्ञानदेवकाकांच्या त्या हिसक्याचेही. तो बसला नसता तर ढाल पहिल्याच फटक्यात आली असती, आबांनी "ठीक आहे" म्हटलं असतं, आणि आपलं बोट किती दिवसांपासून मुकाट्याने बोलतंय हे त्यांना इतक्या लख्ख कळलंही नसतं.

आबा त्या दिवशी सगळे डाव हरले. ढाल येत होती, पण डाव जिंकून देणारा शेवटचा फटका करंगळीच्या बटणावर, आणि करंगळी अजून तशीच बाजूला उभी होती, दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखी. पायल खेळ थांबवून आबांच्या मांडीवर बसली. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा पालथा करून पाहिला, मनगट पाहिलं, शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारून आत डोकावून पाहिलं. मग मी हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवायच्या आत तिने मला विचारलं,

"आई, आबांच्या करंगळीचा अर्थ कुठे सुटलाय?"